पांगाऱ्याचा जावई

मऊ लाकडावर आमच्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि पुढंही होऊ नये, असं आमच्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. त्यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला सगळं घर अक्का म्हणायचं, सासऱ्यांना अप्पा आणि सासूबाईंना अव्वा. आम्ही दोघे जावई एकमेकांना शेवटपर्यंत साडूभाऊच म्हणत राहिलो. साडू जंगलखात्यात फॉरेस्टर होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी किनवट-माहूरच्या डोंगरात काढली. नांदेड जिल्ह्याचा तो कोपरा सागवानासाठी नावाजलेला. लांबून लांबून व्यापारी तिथला सागवान बघायला येत, आणि आमचे साडू त्याच सागवानातून मान खाली घालून चालत जाऊन पलीकडच्या उघड्या टेकडीवरचा एखादा वेडावाकडा पांगारा शोधायचे आणि त्याच्या बुंध्याला टेकून डबा खायचे. सागवानावर त्यांचा राग नव्हता. "झाड चांगलं हाय," ते म्हणायचे, "पण साहेब हाय ते. त्याच्यापुढं उभं राहिलं की मला उगंच शर्टाची गुंडी लावावी वाटते. पांगाऱ्याचं तसं न्हाई. पांगारा आपल्यातला हाय."

अशा माणसाला अप्पांनी मुलगी दिली ती सागवानासाठी, ही या गोष्टीतली खरी गंमत. अप्पांचं लातूरजवळच्या मुरुडला किराणा दुकान होतं, थोडी शेती होती आणि त्या वर्षी नवं घर बांधायला काढलं होतं. मुलगा जंगलखात्यात आहे हे कळल्यावर त्यांनी बाकीची चौकशी अव्वांवर सोपवली आणि आपण सुताराला बोलावून दाराखिडक्यांच्या चौकटींची मापं घेऊन ठेवली. लग्न झालं. पहिल्या पंचमीला अक्का माहेरी आली आणि सण झाल्यावर साडू तिला न्यायला येणार म्हणून निरोप आला. 'सोबत थोडं लाकूड आणतो' असंही त्यात होतं. अप्पांनी एसटीच्या थांब्यावर हातगाडी पाठवली, हातगाडीवाल्याबरोबर सुतार पाठवला, आणि मग राहवेना म्हणून स्वतःही गेले. बसच्या टपावरून जो भारा खाली आला तो बघून सुतार निमूटपणे घरी निघून गेला. मनगटाएवढ्या जाडीच्या, ओल्या, काटेरी काठ्या होत्या त्या.

"काय हाय हे?" अप्पांनी विचारलं.

"पांगारा, अप्पा."

"आन् सागवान?"

"सागवान सरकारचं हाय," साडू म्हणाले. "हे माझं हाय. पाऊस चालू हाय तवर ह्या काठ्या कुंपणाला रोवून टाकू. म्हैनाभरात पालवी फुटंल. सागवानाच्या चौकटीला कधी पालवी फुटलेली बघितलाव का तुमी?"

अप्पांनी ती बघितली नव्हती आणि बघायची त्यांची इच्छाही नव्हती. पण नवा जावई, भर थांब्यावर माणसं जमलेली. त्यांनी तो भारा हातगाडीवर चढवून घरी आणला. साडूंनी दुसऱ्या दिवशी धोतर खोचून सगळं कुंपण रोवलं आणि महिनाभरात खरोखरच त्याला पालवी फुटली. गावानं मात्र भारा आला त्याच संध्याकाळी साडूंचं नाव ठेवून दिलं होतं: पांगाऱ्याचा जावई. साडूंना ते नाव आवडलं. पुढं मुरुडला कुणी 'कोण पाव्हणं?' म्हणून विचारलं की ते स्वतःच तसं सांगायचे.

त्यांची माणसांशी ओळख लाकडातून व्हायची. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी दाराच्या चौकटीला, मग खुर्चीच्या हाताला, मग पाटाला अंगठ्याचं नख रुतवून बघायचे. नख रुतलं की चेहरा खुलायचा, आणि त्या घराबद्दल त्यांचं मत कायमचं चांगलं व्हायचं. औशाला माझ्या चुलतभावासाठी मुलगी बघायला आम्ही त्यांना मोठ्या हौसेनं नेलं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, खाली मान घालून बसली, आम्ही सगळे तिच्याकडं बघतोय आणि साडू भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीची चौकट काढून खिडकीपाशी नेऊन बघतायत. परत येताना सगळ्यांनी आपापलं मत दिलं. साडूंना विचारलं तर म्हणाले, "महारुख हाय. आता मिळत न्हाई असा." चुलतभाऊ आठवडाभर काळजीत होता, की मुलीच्या नावाबद्दल आपली काही फसवणूक झाली की काय. लग्न मात्र झालं आणि सुखाचंही झालं. त्याचं श्रेय साडू त्या चौकटीच्या महारुख लाकडाला द्यायचे.

मऊ लाकडापायी त्यांना परीक्षेतही दगा बसला होता. जंगलखात्याच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना शिकवलं गेलं की शास्त्राप्रमाणं देवदार, चीड अशा सुईसारख्या पानांच्या झाडांचं लाकूड तेवढं मऊ, आणि रुंद पानांच्या सगळ्या झाडांचं लाकूड कठीण. त्या हिशेबात पांगारा, सावर, शेवगा ही मंडळी सागवानाच्या पंगतीला कठीण लाकडात जाऊन बसतात. तोंडी परीक्षेत साहेबांनी नेमका पांगारा विचारला. साडूंनी खिशातून एक तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, नख लावून बघा."

"आम्ही पुस्तक लावून बघतो," साहेब म्हणाले आणि त्यांना नापास केलं. पुढच्या वर्षी साडूंनी शहाण्यासारखं पुस्तकातलं उत्तर दिलं. पास झाल्याचं कळल्यावर दारापर्यंत गेले, परत वळले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, पांगारा कठीण हाय ते मला पटलं. आता तेवढं पांगाऱ्याला पटवायचं राहिलं."

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक लहान चाकू आणि मऊ लाकडाचा एखादा तुकडा असायचा. बोलता बोलता हात चालायचे आणि बोलणं संपेपर्यंत समोरच्याचं नाक, नाहीतर टोपी, नाहीतर नुसता मिशीचा आकडा तयार व्हायचा. आमच्या लेकरांची सगळी खेळणी त्यांच्या हातची: मोर, रेल्वेचं इंजिन, झांज वाजवणारं माकड. पांगाऱ्याचं खेळणं लेकराच्या डोक्यात पडलं तरी टेंगूळ येत नाही, हा त्यांचा मोठा मुद्दा होता, आणि तो लेकरांनी एकमेकांवर भरपूर तपासून बघितला. लाकडाच्या ढलप्या मात्र सगळ्या घरभर व्हायच्या. अक्का म्हणायची, "आमच्या घरात भाकरीला बी भुसा लागतोय. आता मला चव कळंना, भुसा हाय का पीठ."

बागेचा नाद वेगळाच. कुणाच्याही अंगणात उभे राहून बोलत असले की त्यांचा हात मागच्या मागं जास्वंदीच्या नाहीतर मोगऱ्याच्या कोवळ्या फांदीकडं जायचा आणि टचकन एक काडी मोडून ओल्या रुमालात गुंडाळली जायची. "फांदी कोवळी पायजे," ते सांगायचे, "निबर झाली की तिला मूळ फुटायचा कंटाळा येतोय, माणसासारखं." या काड्या मग, ते आमच्याकडं उतरले असले तर आमच्याही घरातल्या, पेल्यांतून, फुलपात्रांतून, दाढीच्या वाटीतून पाण्यात उभ्या असायच्या. माझ्या लातूरच्या कचेरीतले हेडक्लार्क एकदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बोलण्याच्या भरात अशा एका पेल्यातली काडी बाजूला सारली आणि पाणी पिऊन टाकलं. साडूंनी मोठ्या काळजीनं विचारलं, "बुडाशी मुळ्या फुटल्या होत्या, त्या ऱ्हायल्यात का गेल्या?"

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण अप्पांच्या रखडलेल्या नव्या घराची वास्तुशांती झाली त्या दिवशीची गोष्ट तशी गेली नाही. चौकटींसाठी अप्पांनी शेवटी बाजारातून सागवान आणलं होतं आणि तो राग पोटात होता. साडूंना त्याची कल्पना होती. सासऱ्यांची समजूत काढावी म्हणून त्यांनी किनवटला बसून महिनोन् महिने एक खुर्ची घडवली. काय खुर्ची होती ती! दोन्ही हातांच्या टोकाला नंदीची तोंडं, पाठीवर बेलाची पानं, पानांच्या शिरासुद्धा दिसाव्यात असं कोरीव काम. सगळी सावरीच्या लाकडाची. वास्तुशांतीला आलेली माणसं घर बघायची सोडून खुर्ची बघायला लागली. अप्पांच्या चेहऱ्यावरसुद्धा पहिल्यांदाच जावयाबद्दल काही बरं दिसलं. पूजा आटोपली, ती सांगायला आलेल्या स्वामींनी आशीर्वाद दिला आणि सगळ्यांच्या आग्रहावरून अप्पा त्या खुर्चीत बसले.

सागवानाची खुर्ची मोडते तेव्हा कडाडून मोडते, माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. सावरीची खुर्ची तशी मोडली नाही. ती सावकाश, आवाज न करता, समजूतदारपणे खाली बसली. अप्पा तिच्याबरोबर खाली आले आणि फरशीवर टेकले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत नंदीचं एकेक तोंड होतं. आधी स्वामींनाच हसू आवरेना, मग सगळं घर खदखदून हसलं.

साडू धावत आले. "अप्पा, ही बसायसाठी न्हवती, बघायसाठी केलती."

"मंग तसं सांगायचं हुतं," अप्पा फरशीवरूनच म्हणाले. "बघितली असती." आणि नंदीची तोंडं बाजूला ठेवून, सगळ्या पाहुण्यांदेखत, "ह्या माणसाच्या हातची वस्तू परत माझ्या घरात दिसली न्हाई पायजे," असं बोलून गेले.

साडूंनी ते ऐकून घेतलं. अक्कानं ऐकून घेतलं नाही. ती अप्पांचीच मुलगी, हट्टाला बापाच्या एक पाऊल पुढं. "जिथं ह्यांच्या हातची वस्तू चालत न्हाई तिथं ह्यांची बायको बी चालायची न्हाई," म्हणाली, पिशवी उचलली आणि जेवणाच्या पंगती बसायच्या आत नवऱ्याला घेऊन निघून गेली. त्यानंतर ती पंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही. दोन वर्षं अशी गेली. अव्वा आमच्याकडं आल्या की माझ्या बायकोजवळ डोळे पुसायच्या. अप्पा अक्काचं नाव काढायचे नाहीत, पण लातूरला आले की आमच्या लेकरांना उगाच विचारायचे, "किनवटकडची काय खबर?"

अशात बहात्तरचा दुष्काळ पडला. मी तेव्हा लातूरला तहसील कचेरीत होतो. साडूंची बदली दुष्काळी कामांवर देखरेख करायला आमच्याच भागात झाली आणि ते अक्कासह आमच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. दिवसभर ते माळावर खड्डे खोदून घ्यायचे, पाऊस आल्यावर झाडं लावायची म्हणून. संध्याकाळी टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे राहायचे. घरात पाण्याचा कारभार अक्काकडं होता आणि तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पिण्याच्या पाण्यातला एक थेंबही काड्यांना मिळणार नाही. साडूंनी तक्रार केली नाही. रोज सकाळी ते कुंड्यांपाशी उभे राहून दात घासायचे आणि एकेक चूळ एकेका कुंडीला वाटून द्यायचे. आमच्या लेकरांनी आणि मीही तीच रीत धरली. त्या दुष्काळात मोगऱ्याची कलमं जगली ती आमच्या चुळांवर.

पोळा जवळ आला तेव्हा मुरुडहून अव्वांचा निरोप आला. वैरण कुठंच मिळेना म्हणून अप्पांनी आपली देवणी बैलजोडी, हरण्या आणि गुलाब्या, नांदेडकडं गोदावरीकाठच्या एका नातेवाइकाकडं पाठवून दिली होती. जोडी गेली त्या दिवसापासून ते दुकानात बसत नव्हते. रिकाम्या गोठ्यात दावणीपाशी बसून राहायचे, अर्धी भाकर खाऊन उठायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. 'यंदा पोळा नको' एवढंच म्हणाले होते. निरोप ऐकून अक्का स्वयंपाकघरात गेली. मग साडू मला म्हणाले, "साडूभाऊ, अप्पाच्या रानात बांधावर मोठी सावर हुती. ती हाय का वाळली?"

ती उन्हाळ्यातच वाळून वावटळीत पडली होती. अव्वांना गुपचूप कळवून आम्ही एका रविवारी थेट रानात गेलो, गावात न शिरता. करवत लावून ओंडके केले आणि खडी टाकून रिकामा लातूरला परतणाऱ्या एका ट्रकमध्ये घालून आणले. ट्रकच्या मागच्या भागात ओंडक्यांवर बसल्यावर साडू म्हणाले, "जंगलखात्यात एवढी वर्षं काढली, पण लाकूडचोरी आजच केली बगा. सासऱ्याच्या रानातनं." आणि खूप दिवसांनी खळखळून हसले.

मग आमच्या अंगणात बैल घडायला लागले. खेळण्यातले नाहीत, खऱ्या मापाचे. धड वेगळं, पाय वेगळे, मुंडकी वेगळी. धडं आतून कोरून पोकळ केलेली, म्हणजे दोन माणसांना सहज उचलता यावीत. टँकरची रांग आमच्या दारावरूनच जायची. रांगेतली माणसं घागरी खाली ठेवून बघत उभी राहायची. त्यातल्या बहुतेकांनी आपापले बैल विकले होते नाहीतर छावणीत धाडले होते. प्रत्येकाला आपला बैल आठवायचा आणि प्रत्येक जण साडूंना सुधारून सांगायचा. "पाव्हणं, वशिंड जरा मागं घ्या." "खूर असा नसतोय, पुढनं फाकतोय जरासा." एक म्हातारा रोज यायचा, बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि घागर उचलून जायचा. साडू सगळ्यांचं ऐकायचे. "मऊ लाकडाचा हाच फायदा हाय," मला म्हणायचे, "चार लोकांचं ऐकता येतंय."

अक्का आठवडाभर अंगणाकडं फिरकली नाही. एके दिवशी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "गुलाब्याच्या कपाळावरचा चांद एवढा मोठा न्हाई. आन् हरण्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा हाय, उजव्या अंगाला. तो कुठाय?" साडूंनी चाकू घेतला आणि ती बोट ठेवील तिथं घट्टा कोरला. त्या दिवसापासून रंगाचं काम अक्कानं घेतलं. चुना आणि काजळी कालवून देवणीचे काळेपांढरे ठिपके तिनंच काढले, अंबाडीच्या शेपट्या तिनंच वळल्या. मात्र मुरुडला यायला तयार नव्हती. "बैल जाऊ द्या," म्हणाली, "मला कुणी बोलावलं न्हाई."

खांदेमळणीच्या दिवशी सकाळी साडू, मी आणि दोन बैल लातूरच्या स्टँडवर उभे होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळदलोण्यानं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, म्हणून त्याआधी पोचायचं होतं. कंडक्टरनं बैलांना खालून वर बघितलं.

"जनावर नेता येत न्हाई गाडीत."

"हे लाकूड हाय," साडू म्हणाले.

"मंग लाकडाचं लगेज लागंल."

"लाकूड न्हाई, बैल हायेत," साडू लगेच म्हणाले. गाडीतली माणसं हसायला लागली. एक बाई खिडकीतून ओरडली, "आरं घे की बाबा टपावर! बैल बघून किती दिस झाले!" कंडक्टरनं स्वतः वर चढून दोर बांधला.

बैल टपावर उभेच्या उभे होते, तोंड पुढं करून. मुरुडच्या वाटेवर ठिकठिकाणी खडी फोडायचं काम चालू होतं. गाडी जवळ आली की हातोडे थांबायचे आणि बाया-माणसं उठून उभी राहायची. कुणी हसायचं, कुणी ओरडायचं. काहींनी हात जोडलेले मी खिडकीतून बघितले.

मुरुडला आम्ही बैल अप्पांच्या घरापुढं आणून ठेवले. अव्वा दारात आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मग आतून अप्पा आले. दाढी वाढलेली, अंगावर नुसती बंडी. साडू चार पावलं मागं सरकून उभे राहिले. जंगलात वाघाची चाहूल लागली तरी जागचा न हलणारा माणूस तो. अप्पांनी जोडीभोवती एक फेरी मारली. बाजारात बैल पारखतात तसं बघत होते. खूर बघितले, शेपटी उचलून बघितली, पुढं येऊन तोंड बघितलं.

"हरण्याचं डावं शिंग असं न्हाई," ते शेवटी म्हणाले. दोन वर्षांत साडूंशी बोललेलं पहिलं वाक्य. "खाली हाय जरा."

"करतो की," साडू म्हणाले आणि तिथंच मांडी घालून चाकू काढला. अप्पा शेजारी उभे राहून 'अजून थोडं, बास, बास' म्हणत राहिले. शिंग मनासारखं झालं तसा त्यांचा हात सवयीनं हरण्याच्या मानेवरून खांद्यावर गेला आणि उजव्या अंगाला थांबला. तिथं घट्टा होता. अप्पांनी तो बोटांनी चाचपून बघितला, पुन्हा चाचपला.

"हे तुमाला कुणी सांगितलं?" त्यांनी साडूंना विचारलं.

"तुमच्या लेकीनं."

अप्पा बैलाच्या पायाला धरून तसेच खाली बसले. मग अव्वांना म्हणाले, "हळद आण. आन् तेल, लोणी, घरात आसंल ते आण." आणि लाकडाच्या दोन्ही बैलांचे खांदे त्यांनी स्वतःच्या हातानं मळले, त्यांच्या कानात आवतण सांगितलं. ते झाल्यावर धोतर नेसले, टोपी घातली, आणि लातूरला परत जाणाऱ्या त्याच गाडीत जाऊन बसले, लेकीला आणायला.

दुसऱ्या दिवशी पोळा झाला. गावात बैल थोडेच उरले होते आणि तेही बरगड्या निघालेले. आमची जोडी चाकांच्या पाटावर उभी करून ओढत वेशीत आणली तेव्हा वाद निघाला, की लाकडाच्या बैलाला तोरणाखालून जाता येतं का. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं निवाडा दिला: "खात न्हाई, पीत न्हाई, आन् मालकापुढं तरी उभा हाय. यंदा ह्येच्याइतका शहाणा बैल कोण हाय? जाऊ द्या." पुरणाला डाळ नव्हती, रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरीचा नैवेद्य होता. अक्कानं तो बैलांच्या तोंडाला लावला आणि मग बापाच्या ताटात वाढला. अप्पांनी पूर्ण भाकर खाल्ली.

पुढच्या साली पाऊस झाला आणि खरे हरण्या-गुलाब्या परत आले. गोठ्यात दोन्ही जोड्या शेजारी शेजारी उभ्या असायच्या. खऱ्या हरण्यानं पहिल्याच दिवशी लाकडाच्या हरण्याचा सगळा चुना चाटून टाकला. काही वर्षांनी लाकडाच्या जोडीला भुंगा लागला आणि ती आतून पोखरत गेली. मला वाईट वाटलं. साडूंना अजिबात वाटलं नाही. "सागवानाला तोंड लावायची त्येची ऐपत न्हाई," भुंग्याबद्दल ते म्हणाले, "गरिबानं खायचं तरी काय?"

दुष्काळानंतर दहाएक वर्षांनी लातूर जिल्हा झाला. तोवर प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालणाऱ्या आम्हा कचेरीतल्या लोकांना तो आनंद वेगळाच होता. खुर्ची तीच राहिली, पण आपण एकदम जिल्ह्याच्या गावचे झालो. साडूही नव्या जिल्ह्यात रोपवाटिकेवर आले. नव्या कचेऱ्यांची उद्घाटनं चालली होती. अशाच एका उद्घाटनाच्या मांडवाला खांब कमी पडले म्हणून त्याचं कंत्राट घेतलेला गुत्तेदार साडूंकडं आला, आणि साडूंनी आनंदानं पांगाऱ्याचे ओले खांब काढून दिले. प्रमुख पाहुण्यांचं येणं पुढं पुढं ढकललं गेलं, मधे झिमझिम पाऊस चालू राहिला, आणि शेवटी पाहुणे आले तेव्हा मांडवाच्या खांबांना तीन-तीन पानांची पालवी फुटलेली होती. पाहुण्यांना वाटलं खास सजावट केलीय. त्यांनी भाषणात कौतुक केलं. कार्यक्रमानंतर गुत्तेदार खांब उपटायला आला तर साडू आडवे.

"काल तवर खांब हुते," ते म्हणाले. "आता झाडं हायेत. झाड तोडायला परवानगी लागती."

"कुणाची?"

"माझी."

"मंग द्या की."

"अर्ज करा. मी नामंजूर करतो." गुत्तेदार आधी चिडला, मग हसला आणि नुसतं कापड सोडून घेऊन गेला.

निवृत्त झाल्यावर साडू आणि अक्का नांदेडला मुलीकडं राहायला गेले. अप्पा तोवर गेले होते. शेवटच्या आजारात त्यांनी थोरल्या जावयालाच उशाशी बसवून घेतलं होतं. साडूंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. डॉक्टरांनी केलं तेवढं केलं, पण नजर हळूहळू गेली. मी शेवटचा गेलो तेव्हा संध्याकाळी त्यांना हात धरून गोदावरीच्या घाटावर नेलं. पायरीवर बसलो. नदीवरून वारा येत होता. कुणीतरी पलीकडं म्हशी धूत होतं.

"पलीकडच्या काठाला काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"झाडं."

"कसली?"

मी बघितलं. मला कधीच झाडं ओळखता आली नाहीत. "हिरवी," मी म्हणालो.

ते इतक्या मोठ्यानं हसले की घाटावरची माणसं वळून बघायला लागली. "साडूभाऊ, उभा जन्म गेला माझ्यासंगं, आन् तुमी हिरवीपर्यंत आलाव! बरं, पानं बारीक हायेत का मोठी?"

"वारा हाय. सगळी हलून राहिलीत."

"हलून राहिलीत," ते म्हणाले. तोंड त्या काठाकडं करून बराच वेळ बसले. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "बास. चला."

त्या पावसाळ्यात ते गेले. मी अजूनही कधीमधी नांदेडला जातो आणि घाटावर जाऊन बसतो. पलीकडं झाडं आहेत. ती कसली, हे मी कुणाला विचारत नाही.